रोमानियनची व्युत्पत्ती अंदाजपंचे? मुळीच नाही!

शब्दवेडा: काल भटक्या यांनी लिहिलं की रोमानियन म्हणजे स्लाव्हिकवर (रशियन, बल्गेरियनच्या कुळातल्या भाषेवर) लॅटिनचा मुलामा आणि व्युत्पत्तीवाले अक्षरं वाट्टेल तशी फिरवतात. डोकंच सटकलं. अहो, लॅटिन ‘ऑक्तो’चं ‘ओप्त’ झालं ते काय एकट्या आठाचं? रात्र ‘नोक्तेम’ची ‘न्वाप्ते’, दूध ‘लाक्तेम’चं ‘लाप्ते’, छाती ‘पेक्तुस’ची ‘प्येप्त’. क्त दिसला की प्त. तसंच दोन स्वरांमधल्या ल चा र, सूर्य ‘सोलेम’चा ‘स्वारे’, मीठ ‘सालेम’चं ‘सारे’. याला नियम म्हणतात.

भटक्या: मी नोकरीनिमित्त रोमानियातल्या क्लुज शहरात राहिलोय, उंटावरून शेळ्या हाकत नाही. हो म्हणायला ‘दा’, मित्र ‘प्रिएतेन’, सगळं स्लाव्हिक. आणि घोडा ‘कबाल्लुस’चा ‘काल’ कसा, ‘कार’ का नाही? सोयीचं तेवढं घ्यायचं!

शब्दवेडा: कारण तिथे ल जोड आहे, र एकेरीचाच होतो. तुमचे स्लाव्हिक शब्दच माझे साक्षीदार आहेत. दया ‘मिला’, आजार ‘ब्वाला’, यांतला ल शाबूत आहे, म्हणजे हे शब्द आले तेव्हा ल चा र होणं थांबलेलं होतं. कोणता शब्द आधीचा कोणता नंतरचा ते असं कळतं, क्लुजला राहून नाही.

टोपीविरोधक: नियम राहू द्या, खरा घोळ रोमानियन अकादमीच्या शुद्धलेखनाचा आहे. टोपी घातलेला ए (â) आणि टोपी घातलेला आय (î), दोन्हींचा उच्चार एकच. 1953 ला ए वरची टोपी काढून आय वर ठेवली, 1993 ला शब्दाच्या मध्ये परत ए वर चढवली, का तर लॅटिन दिसावं. नदी आली ‘रीवुस’वरून, मुळात आय, आणि आता लिहायचं ए! हंसाचा ‘गिस्का’ तर स्लाव्हिक, त्यालाही ए. माझी सासुरवाडी रोमानियातल्या याश शहराची, सासरे जुनं लिहायचे, सासूबाई नवं, किराण्याच्या यादीत एकमेकांची अक्षरं खोडायचे.

नवलेखन: यादीत पाव असणारच ना? ‘पिइने’ आला ‘पानेम’वरून, हात ‘मानुस’वरून, तिथे ए च हवा. मूळ दिसलं तर पोटात का दुखतं?

टोपीविरोधक: मग नदीचंही मूळ दाखवा की! सुरुवातीला आणि शेवटी आय, मध्ये ए, हा जागेचा नियम झाला, व्युत्पत्तीशी काय संबंध? नुसती लॅटिनची हौस.

नवलेखन: हौस म्हणा नाहीतर काही म्हणा, पोरं शाळेत हेच शिकतात. नदीचं तेवढं तुमचं बरोबर, बस.

भटक्या: जोड ल चं मानलं एकवेळ. पण प्रेम करणं ‘इउबी’, ते स्लाव्हिकच.

शब्दवेडा: आहेच, कोण नाही म्हणतंय? पण तुम्ही म्हणालात अक्षरं वाट्टेल तशी फिरवतात. ते मागे घ्या आधी.