अंथरूण ओलं होतं तेव्हा मुलांच्या मनात काय चालतं? अनुभव लिहा

पाचव्या वर्षी 100 मुलांमधली साधारण 15 मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, दहाव्या वर्षी पाचेक. म्हणजे मोठ्या वर्गात एखाददुसरं मूल असणारच, आणि त्या प्रत्येकाला वाटतं की जगात हे फक्त आपल्यालाच होतं. उपायांवर बोललं जातंच. इथे लिहा ते मुलाला काय लागलं, काय सुखावलं त्याबद्दल. मुलांची नावं मात्र नकोत, उद्या तीच वाचतील.

नऊ वर्षांच्या मुलाची आई
आमचा मुलगा चादर स्वतः काढायचा. ओला भाग आत जाईल अशी घडी घालून धुण्याच्या टोपलीत तळाशी ठेवायचा, वर शाळेचे कपडे. कुणी शिकवलं नव्हतं. मित्राकडे मुक्कामाला बोलावलं की नेमकं त्याचं पोट दुखायचं. एका रात्री नवरा त्याच्या शेजारी आडवा झाला आणि म्हणाला, "मी अकरा वर्षांचा होईपर्यंत करायचो." पोरगा ताडकन उठून बसला. "खरंच? कुणाकुणाला माहीत होतं? सहलीला काय करायचास?" बराच वेळ बापाची उलटतपासणी चालली होती. डॉक्टर म्हणाले, आईवडिलांपैकी एकाला हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास असते, दोघांना असेल तर 70 च्या वर. गादी अजून ओली होते, पोटदुखी गेली. आता तो "आमच्या घराण्यातच आहे" असं ऐटीत सांगतो. सासूबाईंना ते फारसं रुचलेलं नाही!

मी स्वतः, चौदाव्या वर्षापर्यंत
आई कधी ओरडली नाही. पण एक काका चार लोक जमले की विचारायचे, "काय, आज कोरडं का?" सगळे हसायचे, मीही हसायचो. आज चाळिशी उलटली. संध्याकाळचं पाणी बंद केलेलं, रात्री उठवलेलं फारसं आठवत नाही, तो प्रश्न त्यांच्या आवाजासकट आठवतो. मूत्राशय भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूला जागं करत नाही, काही मुलांत रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, हे मला मोठेपणी कळलं. दहाव्या वर्षी कुणीतरी काकांसमोर सांगायला हवं होतं.

अलार्मवाले पालक
चड्डीला लावलेल्या सेन्सरला ओल लागली की तो वाजतो. सुरुवातीला लेक सोडून सगळं घर जागं व्हायचं (हे असंच होतं, तिला आपणच उठवायचं, फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात). धाकटा कुरकुरायला लागला तसा तिचा चेहरा पडला, म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं. गादीवर मेणकापड, चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर: वरची जोडी ओढून काढली की खालचं अंथरूण तयार, मध्यरात्री शोधाशोध नाही. कोरड्या रात्रीला चांदणी, असा तक्ता लावला होता. तो तिने फाडून टाकला. "मी झोपेत काय करते ते माझ्या हातात आहे का?" बिनतोड! आता चांदणी मिळते ती झोपण्याआधी शू करून येण्याची आणि अलार्म स्वतः लावण्याची.

शिक्षिका
मुक्कामी शिबिराआधी मी सगळ्याच पालकांकडून बंद पाकीट मागते: औषधं, भीती, रात्रीच्या सवयी. सगळ्यांकडून, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. गरज असेल त्या मुलाची जागा दाराजवळ.

सात वर्षांच्या मुलीचे बाबा
आमची गोष्ट थोडी वेगळी. मुलगी तीन वर्षं कोरडी होती, घर बदललं आणि पुन्हा सुरू झालं. सगळ्यांचं निदान एकच: ताण. तिला नवं घर आवडलं होतं, पण जो तो विचारायचा, "बाळा, मनात काय खुपतंय?" शेवटी ती बिचारी खुपणारं काहीतरी शोधायला लागली. डॉक्टरांनी पोट तपासलं, तर बद्धकोष्ठता! भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबत होतं. त्यावर औषध झालं आणि हेही थांबलं. सहा महिने किंवा जास्त कोरडं राहून पुन्हा सुरू झालं तर लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्ग असू शकतो. सोबत तहान फार आणि वजन उतरतंय असं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी मधुमेहाची तपासणी करा.