जुनी कॅरव्हॅन: कमी उडालेली घ्यावी की भरपूर उडालेली?

रानवाट (नैरोबी): मसाई मारा अभयारण्याच्या पर्यटकांसाठी भागीदारीत एक जुनं सेसना ग्रँड कॅरव्हॅन हे छोटं प्रवासी विमान घ्यायचं घाटतंय. समोर दोन आहेत. एक ४,२०० तास उडालेली, पण तीन वर्षं मोम्बासाजवळ उघड्यावर उभी. दुसरी १४,८०० तासांची, आजही रोज नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाते. पहिली महाग, आणि भागीदार तिच्यावरच पाघळलेत. माझं मत उलटं: घ्यायची तर दुसरी. उभं विमान उडत्या विमानापेक्षा लवकर म्हातारं होतं. पटत नसेल तर खोडा.

तासमोजणी: खोडतो. माराला पाऊण तास लागतो. तासांना त्याने भागा, वीस हजारांच्या आसपास वेळा ती टेकलीय, त्यातली निम्मी गवता-मुरुमाच्या धावपट्ट्यांवर. खडे उडून प्रोपेलर आणि पोट सोलून निघतं. इंजिन ओव्हरहॉल होतं, म्हणजे पूर्ण खोलून नव्यासारखं करता येतं, सांगाड्याचं काय करणार?

रानवाट: उडतं विमान सतत उघडून तपासलं जातं, चीर गेली तर कोणाच्या तरी नजरेला पडते. खाऱ्या हवेने पत्र्याच्या जोडात धरलेला गंज वर्षानुवर्षं दिसत नाही.

हडपसरकर: एवढा व्याप कशाला? पिस्टन इंजिनाची छोटी सेसना २०६ घ्या, निम्म्याहून कमी पैशात काम.

रानवाट: आणि विल्सन सोडलं की तिचं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, शोधत फिरा. आफ्रिकेत कॅरव्हॅन चालली त्यात जेट इंधनाचा मोठा वाटा आहे, साहेब.

मिस्त्रीकाका: पोरांनो, भांडताय पत्र्यावरून, पैसे जाणार इंजिनात. कॅरव्हॅनच्या इंजिनाला, पीटी-६ च्या ११४ए ला, ३,६०० तासांवर ओव्हरहॉल, मध्ये १,८०० च्या सुमारास हॉट सेक्शनची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या भागाची, तपासणी. ओव्हरहॉलचं बिल काही लाख डॉलर. शिवाय नैरोबी साडेपाच हजार फुटांवर. दुपारी तिथे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, पुरा मिळायच्या आधीच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला भिडतो. थकलेलं इंजिन मुंबईत लपेल, तिथे नाही.

तासमोजणी: म्हणजे काका माझ्याच बाजूचे! पहिलीचं ओव्हरहॉल ३,६०० वर झालंय, वापर जेमतेम सहाशे तास.

मिस्त्रीकाका: कागदावर. उभी करताना इंजिन नीट जपणूक करून, तोंडं बंद करून ठेवलं होतं का? त्याची नोंद दाखव, मग तुझ्या बाजूचा. नाहीतर ते सहाशे तास शून्याच्या भावाने धर. प्रोपेलरला तर वर्षांचीही मुदत असते, उभं राहून ती थांबत नाही.

खिडकीपाशी: कॅरव्हॅनचीच मालवाहू बहीण सुपर कार्गोमास्टर स्वस्तात मिळते म्हणे.

रानवाट: तिच्या केबिनला खिडक्याच नाहीत. पाहुण्यांना वरून हत्तींचे कळप कुठून दाखवू?

तासमोजणी: बरं, दुसरीच्या इंजिनाचं काय? ते सांगायचं सोयीस्कर विसरलात.

रानवाट: मागच्या ओव्हरहॉलनंतर २,९०० तास झालेत. म्हणजे सातशे तासांत ओव्हरहॉल माझ्या गळ्यात, कबूल. तेवढे भावातून कापून मागतोय. रोजच्या टॉर्क-तापमानाच्या नोंदी मिळाल्या, आलेख सरळ आहे.

मिस्त्रीकाका: आणि पहिलीच्या लॉगबुका, उड्डाण-दुरुस्तीच्या नोंदवह्या?

रानवाट: चारपैकी तीन आल्या. दुसऱ्या नंबरची घर बदलताना हरवली म्हणतो मालक.

मिस्त्रीकाका: भागीदारांना फोन लाव. आजच.

तासमोजणी: आधी ती वही शोधायला लावा, मग फोन.