लिंकसोबत दोन ओळी लिहा

ए-३०४: सगळ्यांना नमस्कार. आपल्या संगीताच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात इतक्या लिंक आल्या की बऱ्याच कुणी उघडल्याही नसतील. म्हणून एक विनंती. जॅझ, सोल किंवा लॅटिन यातला एकच कार्यक्रम निवडा, शक्यतो लोकांसमोर झालेला. आणि त्यात कान कुठे द्यायचा ते दोन ओळींत लिहा. नुसती लिंक टाकू नका. ७०२ वाले काका, सुरुवात तुम्ही करा.

बी-७०२: माझी निवड ठरलेली आहे. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल, ७ जुलै १९५६. मोठ्या बँडांचे दिवस तेव्हा सरले होते. एलिंग्टनला मान होता, पण मागणी उरली नव्हती. मुख्य कार्यक्रमासाठी बँड मंचावर आला तेव्हा जवळजवळ मध्यरात्र झाली होती, लोक उठून घरी निघाले होते. त्याने १९३७ मधल्या दोन जुन्या रचना काढल्या, 'डिमिन्युएन्डो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू'. दोन्हींच्या मधली जागा टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पॉल गोन्साल्विसला मोकळी सोडली. ब्लूजचं एक आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा बारचं. गोन्साल्विसने न थांबता २७ आवर्तनं वाजवली.

बी-७०२: सुरुवातीच्या काही आवर्तनांत फारसं काही घडत नाही. मग काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचू लागते, लोक खुर्च्यांवर चढतात. मंचाच्या कडेला जो जोन्स, काउंट बेसीच्या बँडचा जुना ड्रमर, गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून लय देतोय. माझं सांगणं एवढंच की एकदा सॅक्सोफोन सोडून फक्त गर्दीचा आवाज ऐका. तो कसा चढत जातो आणि त्याबरोबर ड्रमर सॅम वुडयार्ड कसा पेटत जातो ते कळेल. पुढच्याच महिन्यात एलिंग्टनचं चित्र टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होतं.

सी-१०१: काका, आत्ता लावलं. अंगावर काटा आला.

डी-२०३: मीही लावलं. पण सॅक्सोफोन फार लांबून ऐकू येतोय. माझ्या स्पीकरचा दोष आहे का?

बी-७०२: स्पीकरचा नाही. तुम्ही १९५६ ची आवृत्ती उघडली आहे. गोन्साल्विस त्या रात्री भलत्याच मायक्रोफोनसमोर उभा राहिला. तो व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा होता. रेकॉर्ड कंपनीच्या मायक्रोफोनवर त्याचा आवाज पुसटच आला. कंपनीने बाकीचा बराच भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि त्यावर गर्दीचा आवाज चढवला. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही टेपा जुळवल्या आणि १९९९ मध्ये पूर्ण कार्यक्रम स्टिरिओत निघाला. तो शोधा.

डी-२०३: म्हणजे इतकी वर्षं लोक वरून लावलेल्या टाळ्या ऐकत होते? मग थेट कार्यक्रमाचं एवढं कौतुक कशाला, असा माझा सरळ प्रश्न आहे. स्टुडिओत सूर नेमका लागतो, चुकलं तर पुन्हा घेता येतं. मला तरी तेच ऐकायला आवडतं.

ए-६०२: दादा, प्रश्न रास्त आहे. पण कंपनीला त्या टाळ्या वरून लावाव्या लागल्या, यातच उत्तर आहे. त्यांच्याशिवाय ती रेकॉर्ड उभी राहत नव्हती. सोल संगीत चर्चमधून आलं. तिथे एकाने हाक द्यायची आणि समोरच्यांनी उत्तर द्यायचं, तेव्हा कुठे गाणं पुरं होतं. स्टुडिओत हाक ऐकू येते, उत्तर येत नाही.

ए-६०२: माझी निवड सॅम कुकची. मायामीतला हार्लेम स्क्वेअर क्लब, १२ जानेवारी १९६३. नावात हार्लेम असलं तरी न्यूयॉर्कची ती वस्ती शोधू नका. रेडिओवर सॅम कुक म्हणजे मऊ, गोड, घासूनपुसून ठेवलेला गळा. इथे तो घोगरा आहे, हसतोय, ओरडतोय, गाणं मध्येच थांबवून लोकांशी बोलतोय, मागून किंग कर्टिसचा सॅक्सोफोन त्याला ढकलतोय. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' सुरू होण्याआधी तो किती वेळ लोकांना खेळवतो ते ऐका. आणि गाणं सुरू झालं की ते त्याच्या एकट्याचं राहतच नाही. कंपनीला हे फार रांगडं वाटलं. १९६४ मध्ये त्याचा कोपाकबाना क्लबमधला नीटनेटका कार्यक्रम बाजारात आला आणि ही टेप पडून राहिली. निघाली थेट १९८५ मध्ये. सॅम कुक १९६४ च्या डिसेंबरात गेला, त्याला ती कधी बघायलाच मिळाली नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

ए-३०४: ताई, जेम्स ब्राउनचा अपोलो थिएटरमधला कार्यक्रमही असाच ना?

ए-६०२: हो, २४ ऑक्टोबर १९६२, आणि तो तर खऱ्या हार्लेममधला. अशा रेकॉर्डमध्ये एकही नवं गाणं नाही, ती कोण घेणार, असं त्याच्या कंपनीच्या मालकाला वाटत होतं. ब्राउनने स्वतःचे पैसे घालून रेकॉर्डिंग केलं. रेकॉर्ड ६६ आठवडे बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत होती. त्यातलं 'लॉस्ट समवन' ऐका. दहा मिनिटांहून मोठं आहे. तो एक शब्द टाकतो, थांबतो आणि त्या थांबण्यात बायकांच्या किंकाळ्या येतात. त्या किंकाळ्या कधी येणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

डी-२०३: ताई, सॅम कुक ऐकतोय. तुमचं म्हणणं पटतंय. तरी सगळ्याच ठिकाणी असं असतं का? काही श्रोते लक्षही देत नाहीत.

बी-७०२: त्याचंही उदाहरण आहे, आणि माझ्या लेखी ते जॅझमधलं सर्वांत सुंदर रेकॉर्डिंग आहे. बिल एव्हान्स त्रयी, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, रविवार २५ जून १९६१. पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. दिवसभरात पाच बैठकी झाल्या. ग्लासांची किणकिण ऐकू येते, गप्पा ऐकू येतात, कुणीतरी हसतंय. आणि त्या गलबल्यात हे तिघं एकमेकांचं इतकं बारीक ऐकताहेत की विचारू नका. लाफारोचा बास मागे राहून ठेका धरत बसत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर बास नाहीसा होतो आणि मग यातलं अर्धं संगीतच गेलं. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी.

सी-१०१: हे माहीत नव्हतं काका. रात्री निवांत ऐकते.

सी-१०१: आता माझी निवड. काँगोची (तेव्हाच्या झाईरची) राजधानी किन्शासा, सप्टेंबर १९७४. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीला जोडून तीन दिवसांचा संगीत महोत्सव ठरला होता. सरावात फोरमनच्या डोळ्याजवळ जखम झाली आणि लढत ऑक्टोबरअखेरीपर्यंत पुढे गेली, पण महोत्सव ठरल्या वेळी झाला. जेम्स ब्राउन, बी. बी. किंग, बिल विदर्स, मिरियम मकेबा एवढे सगळे होते. त्यात न्यूयॉर्कहून आलेला फानिया ऑल स्टार्स हा साल्साचा वाद्यवृंद. पुढे उभा जॉनी पाचेको, काँगांवर, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलांवर, रे बारेत्तो आणि गायला सेलिया क्रूझ. 'किंबारा' बघाच. नुसतं ऐकू नका, बघा. तिचा आवाज सबंध ब्रास विभागाच्या वर चढून बसतो.

सी-१०१: गाणं स्पॅनिश, स्टेडियममधले बहुतेक लोक लिंगाला आणि फ्रेंच बोलणारे. तरी पहिल्या ठोक्याला स्टेडियम डोलायला लागतं. कारण ही लय त्यांना नवी नव्हतीच. काँगोतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती क्यूबाला गेली, तिथे स्पॅनिश गाण्यांत मिसळली आणि विसाव्या शतकात क्यूबन रेकॉर्डवरून काँगोत परत आली. काँगोचा रुम्बा त्यातूनच घडला. म्हणून मला हा कार्यक्रम साल्साच्या सगळ्या कार्यक्रमांत मोठा वाटतो. यांकी स्टेडियमचा १९७३ चाही अफाट आहे, पण किन्शासात जे आहे ते तिथे नाही.

ए-३०४: ताई, लॅटिन ऐकताना माझी एक कायमची अडचण आहे. इतकी तालवाद्यं एकदम वाजतात की कशाला धरून ऐकावं कळत नाही.

सी-१०१: क्लावे धरा. दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध. सगळा वाद्यवृंद त्याला बांधलेला असतो, दांडकी प्रत्यक्ष वाजत नसली तरीही. तुम्ही तबला शिकलात ना? मग तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्या. झाला सोन क्लावे. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, पुढच्या आठांत दोन. पहिला अर्धा भाग ओढतो, दुसरा सावरतो. ही ओढ एकदा हाताला लागली की पियानोचे मोंटुनो (फिरून फिरून येणारे तुकडे) आणि काँगांचा तुंबाओ (ठरलेला ठेका) आपोआप जागेवर दिसायला लागतात.

ए-३०४: वा! हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. टाळी धरून बघते.

बी-७०२: याला जोडून सांगतो. जॅझ आणि सोलमध्ये टाळी द्यायची तर चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या आणि तिसऱ्यावर दिलीत तर लय जड होते. आणि क्लावे जॅझमध्ये ठळकपणे आला तो १९४७ मध्ये, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने क्यूबाचा काँगावादक चानो पोझो बँडमध्ये घेतला तेव्हा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कार्नेगी हॉलमधला त्यांचा २९ सप्टेंबर १९४७ चा कार्यक्रम रेकॉर्डवर आहे. आवाज जुना आहे, सवय करून घ्यावी लागते.

ई-५०१: मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही, पण आज राहवत नाही. गायिका बिली हॉलिडे, 'फाइन अँड मेलो', ८ डिसेंबर १९५७, सीबीएस टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण. बेन वेब्स्टर, कोलमन हॉकिन्स, जेरी मलिगन, रॉय एल्ड्रिज सगळे एका खोलीत. बेन वेब्स्टरनंतर सॅक्सोफोन घेऊन लेस्टर यंग उभा राहतो. तब्येत ढासळलेली. एकच आवर्तन वाजवतो, अगदी मोजके सूर, मध्ये भरपूर जागा. आणि कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. तिला 'लेडी डे' हे नाव त्यानेच दिलेलं, त्याला 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट, तिने. ती मान हलवत हसते, तो काय म्हणतोय ते तिला शब्दाशब्दाने कळतंय. मघाशी श्रोत्यांचा विषय निघाला म्हणून हे आठवलं. इथे श्रोता म्हणजे तीच. १९५९ मध्ये दोघंही गेले, तो मार्चमध्ये, ती जुलैमध्ये.

ए-६०२: काकू, तुम्ही लिहीत जा ना.

बी-७०२: खरंच लिहीत जा. त्या आवर्तनावर याहून बरं मला सांगता आलं नसतं.

डी-२०३: आता मी काय टाकू? मला गाणी जुळवायची सवय नाही, पण एक टाकतो. एला फिट्झजेराल्ड, बर्लिन, १३ फेब्रुवारी १९६०. 'मॅक द नाइफ' गाताना ती मधले शब्द विसरते. थांबत नाही, विसरले हेच सुरात गाते, नवे शब्द जुळवते, लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करते आणि तालात परत येते. मला आजवर ती गंमत वाटत होती. आज पुन्हा ऐकलं तर लोक हसल्यावर तिचा आवाज मोकळा होतो हे लक्षात आलं. स्टुडिओत हा टेक टाकून दिला असता.

ए-६०२: दादा, याच रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. बघा आता.

ए-६०२: आणखी एक घेते, रागावू नका. डॉनी हॅथवे, १९७२ मध्ये आलेला 'लाइव्ह'. अर्धा लॉस एंजेलिसच्या ट्रुबडोरमध्ये, अर्धा न्यूयॉर्कच्या बिटर एंडमध्ये, दोन्ही लहान क्लब. 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' सुरू होताच लोक ओळखून ओरडतात आणि ध्रुवपदाला सगळा क्लब गायला लागतो. हॅथवे त्यांना गाऊ देतो, स्वतः पियानोवर राहतो. शेवटच्या लांब रचनेत विली वीक्सचा बास सोलो आहे. बास सोलोला लोक असे ओरडताना मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाहीत.

ई-५०१: अरीथा फ्रँकलिन राहिली. लॉस एंजेलिसमधलं चर्च, १३ आणि १४ जानेवारी १९७२, 'अमेझिंग ग्रेस'. चित्रीकरण झालं पण चित्र आणि आवाज जुळवायला क्लॅपच (दृश्याच्या सुरुवातीला आपटायची पाटी) दिलेला नव्हता, पुढे अरीथानेही कोर्टातून चित्रपट अडवला, म्हणून तो लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं. पियानोवरचे जेम्स क्लीव्हलंड रडू आवरेना म्हणून पियानोवरून उठतात, ती मात्र गात राहते.

ए-३०४: शनिवारी क्लबहाउसमध्ये संध्याकाळी सात वाजता मोठ्या स्पीकरवर ऐकू या का? न्यूपोर्ट, सॅम कुक, किन्शासा, बिली, अरीथा. बिल एव्हान्स ज्याने त्याने घरी हेडफोनवर ऐकावा, काका म्हणतात तसा. एला नक्की, दादांनी पहिल्यांदाच काही सुचवलंय.

डी-२०३: चालेल. प्रोजेक्टर मी आणतो. ताई, एक शंका. ती टाळी फानियाच्या एका रेकॉर्डवर देऊन बघितली, सुरुवातीला बसली आणि गायन सुरू झाल्यावर उलटीसुलटी वाटायला लागली.

सी-१०१: मग गायनाचा भाग बहुधा दोन-तीनचा असेल. क्लावे तोच, फक्त दुसरा अर्धा भाग आधी येतो. ३, ५, ९, १२, १५ वर टाळी देऊन बघा. तरीही जुळलं नाही तर रुम्बा क्लावे असेल, त्यात तीन-दोनचा तिसरा ठोका सातव्याऐवजी आठव्या मात्रेवर पडतो. शनिवारी माझी दांडकी आणते, सगळ्यांना हातात घेऊन वाजवता येईल.