भाची खात नाही, रिपोर्ट नॉर्मल. निदान कोणाकडून आणि कसं करून घ्यावं?

पारिजात: भाची १५ वर्षांची. ५ महिन्यांत वजन ५२ वरून ४३ किलो, ३ महिने पाळी नाही. जेवली की लगेच बाथरूममध्ये जाते. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. आता पुढे काय?

कडुलिंब: हा खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर, उदा. अ‍ॅनोरेक्सिया) असू शकतो. रिपोर्टवर थांबू नका, उपाशी शरीर रक्तातली पातळी बराच काळ सांभाळून धरतं. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाडी आणि बीपी आधी ५ मिनिटं आडवं झोपवून, मग उभं करून २-३ मिनिटांनी मोजायला सांगा. बऱ्याचदा नुसतं बसवून मोजतात आणि नेमकं तेच निसटतं. जागेपणी नाडी ५० च्या खाली, उभं राहिल्यावर वरचं बीपी २० पेक्षा जास्त उतरणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनीन कराच. फॉस्फरस आवर्जून लिहून घ्या; खाणं पुन्हा सुरू झालं की तोच धोकादायक घसरतो. पोटॅशियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर उलट्यांचा संशय घ्यावा. टी-३ (थायरॉईडचं एक हार्मोन) उपासमारीनेही कमी येतो, तेवढ्यावरून थायरॉईडच्या गोळ्या नकोत.

सोनचाफा: मोठ्यांचा बीएमआय तिला लावू नका. शाळेतल्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी न्या, ग्रोथ चार्टवर (वयानुसार वाढीच्या आलेखावर) रेघ कुठे मोडली ते कळतं.

सोबत बालमानसोपचारतज्ज्ञ हवेतच. स्कॉफ ही खाण्याच्या विकारासाठीची ५ प्रश्नांची चाळणी आहे. २ 'हो' आले तर सविस्तर तपासणी, पण निदान त्यावर होत नाही. ते मुलाखतीतूनच होतं: थोडा वेळ मुलीशी एकटीशी, थोडा आईवडिलांशी. काल सकाळपासून काय खाल्लं, उलट्या, जुलाबाची औषधं, व्यायाम, आणि जीव नकोसा वाटतो का, हे सगळं थेट विचारलं गेलं पाहिजे. प्रश्नावलीत मुली पुष्कळदा लपवतात, म्हणून घरच्यांचं निरीक्षण तितकंच मोलाचं.

आपल्याकडे 'जाड होईन' असं न म्हणता पित्त, गॅस, उपवास ही कारणं पुढे येतात. तेवढ्यावर आजार नाही असं ठरवू नये. अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानासाठी पाळी बंद असण्याची अट तर २०१३ च्या डीएसएम-५ मध्येच (मानसिक आजारांच्या निदानाचे अमेरिकी निकष) काढून टाकली.

पारिजात: तिला काय सांगून नेऊ?

कडुलिंब: खरं तेच सांगा, पाळी थांबलीय आणि वजन उतरलंय म्हणून तपासायचंय. दिसण्यावर एक शब्दही नको. डॉक्टर मिळेपर्यंत बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.