पंचांना दिसलं नव्हतं, पोरानं सांगितलं
दादा, तुम्ही लिहिलंत, ‘संस्कार घरी करा, कोचनं फक्त जिंकून द्यावं.’ मला हे अजिबात पटत नाही. पार्क मैदानावर माझ्या मुलाचा १४ वर्षांखालील खो-खोचा सामना होता. पळताना त्याचे दोन्ही पाय रेषेबाहेर गेले, म्हणजे बाद. पंचांचं लक्ष नव्हतं. पोरानं स्वतःच हात वर केला, “सर, बाहेर गेलो होतो.” एका गुणानं हरलो की! पालक चिडले. कोच सरांनी मात्र त्याच्या गुडघ्यावरची माती झटकली, पाणी दिलं, अन् पुढच्या सामन्याला त्यालाच कर्णधार केलं. दहावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, म्हणून पालकांना जिंकायची घाई असते, हे कळतं मला. पण त्या दिवसापासून संघातली पोरं सरावातली चूक लपवत नाहीत. हे मला घरी जमलं नव्हतं.