मदत हवी आहे: फ्रान्सच्या टॉप 14 रग्बीचे वेळापत्रक आणि बोनस गुण

नमस्कार. जून 2025 मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमुळे मला या खेळाची गोडी लागली. ती स्पर्धा सात-सात खेळाडूंची होती. पंधरा खेळाडूंच्या रग्बीसाठी मी टॉप 14 निवडली, कारण पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्यांपैकी आंत्वान द्युपाँ तिथे तुलूझकडून खेळतो. मात्र हंगाम रंगात असताना तुलूझच्या संघात अचानक अनोळखी नावे दिसू लागतात, आणि मध्येच हा संघ आयर्लंडच्या किंवा दक्षिण आफ्रिकेच्या संघाशी खेळतो, हे काही उलगडत नाही. शिवाय चार ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) करूनही विजेत्याला बोनस गुण का मिळत नाही? युरोपातील सहा राष्ट्रीय संघांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत तर तो मिळतो. आठवड्याला एकच सामना पाहणे जमत असेल, तर कोणता पाहावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आधी बोनस गुणाचे सांगतो. विजयाचे चार गुण सगळीकडे सारखेच असतात, पण टॉप 14 मध्ये पाचवा गुण हवा असेल तर प्रतिस्पर्ध्यापेक्षा किमान तीन ट्राय अधिक करावे लागतात. चारास दोन असा हिशेब झाला, तर तो गुण मिळत नाही. त्यामुळे हरलेल्या संघाने अखेरच्या मिनिटाला केलेला एखादा ट्रायसुद्धा विजेत्याचा गुण हिरावून घेऊ शकतो आणि निकाल लागलेला सामनाही शेवटपर्यंत जिवंत राहतो. मला तरी हाच नियम अधिक न्याय्य वाटतो.

आता वेळापत्रक. चौदा संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, म्हणजे प्रत्येकी 26 सामने. त्यांच्या अधूनमधून चॅम्पियन्स कप असतो, ज्यात फ्रान्स, इंग्लंड आणि युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप या तीन लीगमधले संघ भेटतात. आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेचे संघ या तिसऱ्या लीगमधून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स असते, पण टॉप 14 पूर्णपणे थांबत नाही, म्हणून राष्ट्रीय संघात गेलेल्यांच्या जागी राखीव खेळाडू उतरतात. खरा कस त्यांचाच लागतो. 2025 च्या मार्चमध्ये द्युपाँ फ्रान्सकडून खेळताना डब्लिनला गुडघा दुखावून बाहेर गेला, तरी जूनमध्ये तुलूझने अतिरिक्त वेळेत बोर्दो-बेग्लला 39-33 असे हरवून विजेतेपद राखले.

एकच सामना पाहायचा असेल, तर एप्रिलपासून चॅम्पियन्स कपची बाद फेरी पाहा. मे महिन्यात मात्र टॉप 14 च्या तळाकडेही लक्ष ठेवा: चौदावा संघ थेट प्रो डी 2 या खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये घसरतो आणि तेराव्याला तिथल्या उपविजेत्याशी खेळून आपली जागा वाचवावी लागते.