मरळीच्या रॉडला फ्लोरो कशाला? ब्रेडेड, तंगूस का फ्लोरो, होऊन जाऊ दे एकदा

केंदाळातला मरळवाला

मंडळी, विषय काढतोय, भांडणं होणार हे माहीत असून काढतोय. हल्ली कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या हातात सात फुटी मीडियम हेवी (जरा ताठ) गळाचा रॉड आणि बेटकास्टर रील (फेकताना ज्याची दोरीची चकरी फिरती ते) दिसतंय, चांगली गोष्ट हाय, पण रीलवर काय गुंडाळलंय बघायला गेलं तर पंधरा-सोळा पौंड ताण सोसणारी फ्लोरोकार्बन, पाण्यात दिसत न्हाई म्हणून विकत्यात ती महागडी दोरी. का रं बाबा? तर म्हणे व्हिडिओत अमेरिकेतला माणूस बास मासा धरायला तीच वापरतोय. अरे भावा, बास हाय का आपल्याकडं? त्यांची तळी निवळ, आठ-दहा फुटांखालचं बूड दिसतंय, तिथं दोरी लपवायची गरज असंल. आपण उभं कुठं राहतोय, पंचगंगेच्या काठाला नायतर कुठल्यातरी गावतळ्यावर, पाणी चहासारखं आणि वर केंदाळ (जलपर्णी) पसरलेलं. त्यात मरळीला दोरी दिसली काय आणि न दिसली काय.

माझं म्हणणं सरळ हाय. जड रॉड आणि रबरी बेडूक असंल तर ५० ते ६५ पौंडाची ब्रेडेड (धागे विणून केलेली दोरी), थेट बेडकाला पॅलोमर गाठ, लीडर-बिडर (पुढं जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा) काय नको. हलका स्पिनिंग रॉड असंल आणि चिलापीबिलापी धरायची असंल तर ८ पौंडाची तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी. संपलं. फ्लोरोला इथं कामच न्हाई, नुसता खिसा रिकामा.

मरळीचा जबडा हाडकाचा, गळ रुतवायला हिसका जोरात लागतोय, आणि ती तोंडात बेडूक धरून केंदाळात मुंडी खाली घालती. तंगूस ताणती, वीस-पंचवीस टक्के ताणती, म्हणजे लांबून हिसका दिला तर निम्मा त्या दोरीतच जिरतोय. ब्रेडेड ताणतच न्हाई म्हटलं तरी चालंल, शिवाय केंदाळाचे देठ कापत येती. बोला आता.

तुळशीकाठचा

बोलतो. तुमचं केंदाळापुरतं सगळं बरोबर आहे, पण कोल्हापूर म्हणजे फक्त केंदाळ नव्हे. दिवाळीनंतर तुळशी धरणाच्या फुगवट्याकडं जाऊन बघा, पाणी कसं निवळतं ते. आणि मुळात फ्लोरो म्हणजे "न दिसणारी दोरी" एवढंच लोकांनी डोक्यात घेतलंय, विकणाऱ्यांनी तेच सांगितलं म्हणून. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोचा १.४२, नायलॉनचा साधारण दीडच्या पुढं, त्यामुळं फ्लोरो थोडी कमी चमकते, पण अदृश्य वगैरे काही नाही, हातात धरून बादलीत बुडवून बघा, दिसते.

खरा फायदा वजनाचा. पाण्याची घनता १ धरली तर फ्लोरो १.७८, नायलॉन १.१४ च्या आसपास, आणि ब्रेडेड ०.९७, म्हणजे ब्रेडेड तरंगते. आता रबरी किडा शिसं लावून बारा-पंधरा फूट खोल तळाला घसटत आणायचाय, असं समजा. ब्रेडेड वर तरंगत राहणार, वारा तिला कमानीसारखी वाकवणार, खाली माशानं किडा नुसता उचलून सोडला तर तुम्हाला कळणारच नाही कारण मधे दोरीचा झोळ आहे. फ्लोरो किड्यामागोमाग खाली जाते, रॉडच्या टोकापासून तळापर्यंत जवळजवळ सरळ राहते. टेक्सास रिग आणि जिगला (तळाला घसटायच्या असल्याच आमिषांना) मीडियम हेवी रॉडवर १५ पौंड फ्लोरो लावतात ते यासाठी, अमेरिकेतल्या माणसानं केलं म्हणून नाही.

तुमच्या बेडकाला फ्लोरो लावणारा मात्र खरंच वेडा, ते मान्य. दोरी बुडते आणि बेडकाचं नाक खाली ओढते.

केंदाळातला मरळवाला

म्हणजे माझंच खरं की. बेडकाला नको म्हणताय तुम्ही पण. आणि तळाला किडे घासायचे तर नायलॉन पण बुडतीच की, हळू बुडती एवढंच.

तुळशीकाठचा

बुडते, पण पाणी पिते. नायलॉन दिवसभर भिजली की मऊ पडते आणि ताकद थोडी कमी होते, फ्लोरोचं तसं होत नाही. उन्हानं पण नायलॉनच लवकर खराब होते. तुम्ही दोन-दोन वर्षं तीच तंगूस रीलवर ठेवून मग "मासा मोठा होता, तोडून गेला" म्हणत असाल तर मासा मोठा नव्हता.

बंधाऱ्यावरचा आप्पा

पोरांनो लई शिकल्यासारखं बोलाय लागलाय. आमी वेळूच्या काठीला तंगूस बांधून, गांडूळ लावून, बंधाऱ्याखालच्या डोहात जेवढं मासं काढलं तेवढं तुमच्या त्या बेटकास्टरनं बघितलं बी नसंल. तवा पौंड कुणी इचारत न्हवतं, दुकानदार इचारायचा बारीक का जाड.

पर एक गोष्ट सांगतो ती ध्यानात घ्या. कोल्हापुरी बंधाऱ्याला पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालत्यात आणि पुढच्या पावसाच्या आधी काढत्यात. बरगे घातलं की वरल्या अंगाला पाणी तुंबतंय, थांबतंय, गाळ खाली बसतोय, मग पाणी जरा निवळ. बरगे काढलं की वढ आणि गढूळ. त्याच जागंवर सहा म्हैने एक दोरी आन सहा म्हैने दुसरी. आनी ते बरगे आता लोखंडी, गंजून कडा धारदार झाल्यात, खांबाचा काँक्रीट बी खरबरीत. तुमची ती इणलेली दोरी ताणात असताना त्या कडंला नुसती घासली की गेली. नखावरनं बघा, बारीक बारीक धागं उसवल्यात दिसतंय, मग पुढच्या हिसक्याला तुटती. तंगूस खरवडती, पर लगीच तुटत न्हाई. बंधाऱ्यावर ब्रेडेड घेऊन येनाऱ्याला मी हसतो.

केंदाळातला मरळवाला

आप्पा, तुमचा मान ठेवून सांगतो, मी बंधाऱ्याचं बोललोच न्हाई, मरळीचं बोलतोय.

बंधाऱ्यावरचा आप्पा

मरळ बी बंधाऱ्याला असतीया. तुला मिळाली न्हाई म्हून नसती का?

ताराबाई पार्कवाली

आप्पा 😂

मी मधलं बोलतो. माझ्याकडं एकच स्पिनिंग रॉड हाय, मीडियम पॉवर, आणि त्यावर मी १५ पौंड ब्रेडेड लावून पुढं चार-पाच फूट १० पौंडाचा फ्लोरोचा तुकडा बांधतो. लांब जातंय कारण ब्रेडेड बारीक, १५-२० पौंडाची ब्रेडेड म्हणजे जाडीला ६ पौंडाच्या तंगूसएवढी किंवा त्याहून बारीकच, माशानं हात लावला तरी हातात कळतंय, आणि दगडावर घासायचा तो फ्लोरोचा तुकडा घासतोय. आप्पांचा दगड पण सुटला आणि तुळशीवाल्यांचं निवळ पाणी पण.

स्पिनिंगवर नुसती फ्लोरो भरणाऱ्यांना एक सांगायचंय. सहा-आठ पौंडापर्यंत ठीक, त्याच्यावर गेलात की ती ताठ दोरी स्पूलवरनं (चकरीवरनं) वेटोळीच्या वेटोळी उडती आणि रॉडवरच्या पहिल्या गाइडलाच (कडीलाच) गुंता होतोय. बेटकास्टरवर तीच दोरी गुमान राहती कारण तिथं स्पूलच फिरतंय. उलट बेटकास्टरवर दहा पौंडाची बारीक ब्रेडेड भरली की मोठा मासा ओढला की ती खालच्या थरात रुतून बसती, पुढच्या फेकीला गचका. म्हणजे "कुठली दोरी चांगली" हा प्रश्नच अर्धा हाय, रील कुठलं ते आधी सांगा.

केंदाळातला मरळवाला

ताई, ते दोन दोऱ्या जोडायची गाठ मारायला अर्धा तास जातोय, तोवर मरळ हवा घेऊन खाली गेलेली असती.

ताराबाई पार्कवाली

अर्धा तास कशाला? डबल युनी दोन मिनटांत होती. एफजी गाठ बारीक बसती, गाइडमधनं अडकत न्हाई, पण ती घरात बसून मारायची, काठावर वारं असताना न्हाई. आणि फ्लोरोची गाठ आवळायच्या आधी थुंकी लावा नायतर पाण्यात बुडवा, कोरडी आवळली की घर्षणानं तापती आणि तिथंच कमजोर होती. निम्मी लोकं म्हणत्यात फ्लोरो तुटती, तुटती ती गाठीला. पॅलोमरचा पण दोष न्हाई, घाईचा हाय.

मंगळवार पेठी

सगळे दोरीवरच अडकलाय, रॉडवर काय लिहिलंय ते कुणी वाचतंय का? हँडलच्या वर बारीक अक्षरात असतंय, लाइन १२-२० पौंड, लुअर (नकली आमिष) एवढं ग्रॅम. आमच्या ग्रुपातल्या एकानं मीडियम रॉडला ६५ पौंड ब्रेडेड भरली, रीलचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटायची ते ठरवणारा ब्रेक) पकडीनं आवळावा तसा आवळला, बेडूक केंदाळात अडकला तर रॉड उभा धरून खेचला. दोरी तुटायला पाहिजे होती, दोरी कुठली तुटती, रॉडचा वरचा तुकडाच हातभर उडाला. दुकानात जाऊन भांडला की रॉड डुप्लिकेट हाय.

दोरी जेवढी बळकट तेवढं सगळ्यात कमजोर काय राहतंय ते बघा. तंगूस असंल तर ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा लावत्यात. ब्रेडेडला तो हिशोब चालत न्हाई, ६५ पौंडाचा तिसरा हिस्सा म्हणजे दहा किलोच्या जवळ झालं, तेवढं मीडियम रॉड कुठला सोसतोय. तिथं रॉड बघून लावायचं. ताणकाटा मिळतोय बाजारात, दोरीच्या टोकाला अडकवून ओढून बघा. आणि अडकलं तर रॉड सरळ दोरीच्या रेषेत धरा, रॉडनं खेचू नका. ब्रेडेड उघड्या हाताला गुंडाळून तर अजिबात ओढू नका, बोट चिरतंय, एखादी काडी घ्या.

अजून एक, ब्रेडेड थेट उघड्या धातूच्या स्पूलवर बांधली की सगळी गुंडाळी जागच्या जागी फिरती, मासा ओढाय लागला की वाटतंय ड्रॅग गेला. आधी दहा-पंधरा वेढे तंगूस घाला, मग ब्रेडेड. आप्पांची तंगूस तिथं तरी लागणारच 😄

तुळशीकाठचा

हे पटलं. यात क्रँकबेटची (ओढला की खोल जाणारा नकली मासा) भर घालतो. त्याला तीन-तीन पाकळ्यांचे गळ असतात, बारीक, आणि ताठ रॉडला ब्रेडेड लावून हिसका दिला तर ते मांसातून फाटून निघतात किंवा सरळ होतात. तिथं वाकणारा, मध्यापर्यंत कमान घेणारा रॉड हवा आणि १०-१२ पौंड नायलॉन किंवा फ्लोरो. म्हणजे मरळवाल्या दादांनी जो दोष म्हणून सांगितला, दोरी ताणणे, तोच इथं कामाला येतो. फ्लोरो घेतली तर क्रँकबेट थोडा अजून खोल जातो, नायलॉनवर थोडा वर राहतो.

केंदाळातला मरळवाला

क्रँकबेट आमच्या तळ्यात टाकला तर केंदाळच निघतंय. असो. धरणावर जाणाऱ्यांनी फ्लोरो घ्या बाबा, मी अडवत न्हाई. पण नवीन पोरगं पहिला रॉड घेतंय आणि दुकानदार त्याला रॉडच्या निम्म्या किमतीची फ्लोरो देतोय, आणि ते पोरगं जातंय गावतळ्यावर. माझा राग त्याच्यावर हाय.

पाखरंवाला

दोरी कुठलीबी घ्या, तुटलेली काठावर टाकू नका एवढंच. रंकाळ्याला, कळंब्याला बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या पायात तंगूस गुतलेली बघवत न्हाई. नायलॉन मांजावर हरित लवादानं २०१७ ला बंदी घातली, आणि आपण तसलीच दोरी बाभळीवर लोंबत सोडून येतोय. खिशात रिकामी बाटली ठेवा, तुकडे त्यात कोंबा. आणि राधानगरी-दाजीपूर अभयारण्याच्या हद्दीत तर गळ काढूच नका, बाकी तलावांचा पण ठेका असतोय, आधी विचारा.

मंगळवार पेठी

+१. आणि पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका दिसला की त्याच्यावर बेडूक टाकू नका, आई-बाप राखत असत्यात पिलं. ते भुकेनं न्हाई, रागानं मारत्यात.

नवीन गडी

सगळं वाचलं, डोकं फिरलं. मला एकच रॉड घ्यायचाय, दोन घ्यायची ऐपत न्हाई. उन्हाळ्यात मामाच्या गावचं तळं, केंदाळ हाय पण सगळं झाकलेलं न्हाई, आणि थंडीत बंधारा. काय भरू?

केंदाळातला मरळवाला

मीडियम हेवी, बेटकास्टर, ५० पौंड ब्रेडेड. डोळे झाकून.

ताराबाई पार्कवाली

डोळे उघडून वाच. पहिलाच रॉड हाय, बेटकास्टर घेतलास तर पहिला महिना गुंता सोडवण्यात जाईल. स्पिनिंग घे, मीडियम हेवी, ३००० किंवा ४००० साइजचं रील, ३० पौंड ब्रेडेड. तळ्यावर बेडूक थेट बांध, केंदाळाच्या कडंकडंनं मार, मधोमध टाकू नको. बंधाऱ्यावर जाताना पुढं हातभर १५-२० पौंडाचा तुकडा जोड.

तुळशीकाठचा

फ्लोरोचा तुकडा 🙂

बंधाऱ्यावरचा आप्पा

तंगूसचा तुकडा बी चालतोय त्याला. लीडरला फ्लोरोची अख्खी रीळ कशाला घ्यायला लावताय पोराला. जाड तंगूस घे, बरग्यापासनं दोन हात लांब टाक, आन तुटली की परत बांध.

तुळशीकाठचा

लीडरपुरतं चालेल आप्पा. दगडाला जाड तंगूस पण टिकते, थंडीतल्या निवळ पाण्यात मात्र मी फ्लोरोच लावणार.

केंदाळातला मरळवाला

३० पौंड केंदाळात कमी पडंल, बघ तू. कडंकडंनं मार म्हणत्यात, मरळ कडंला बसून वाट बघती का?

ताराबाई पार्कवाली

हो, बसती. केंदाळाच्या कडंलाच बसती.